पापडी फुलेना तेव्हा

आषाढात गच्चीवरच्या वीस लिटरच्या डब्यात सुरती पापडीच्या चार बिया टोचल्या. उधन्याच्या पावसात वेल असा सुटला की श्रावणात पाण्याच्या टाकीवर चढला. पण फूल एकही नाही! मी शेणखत वाढवलं, तर पानं आणखी हिरवीगार. चूक माझीच. वालाची मुळं हवेतलं नत्र धरून ठेवतात, त्यात वरून आणखी मिळालं की नुसता पाला माजतो.

नवरात्रात वेल उपटायलाच निघालो होतो. आई म्हणाली, "थांब रे. आमच्या धुळ्याला दिवस लहान झाल्याशिवाय वाल कधी फुललाय का?" तिचं खरं होतं. वालाचे जुने वाण रात्र लांबली की मगच फुलतात, तिथे खताचा काही इलाज चालत नाही.

दिवाळीनंतर तुरे आले, मागोमाग मावाही आला. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि जरासा साबण घालून संध्याकाळी फवारलं. उत्तरायणाच्या उंधियूला घरची पापडी निघाली जेमतेम पाव किलो, बाकीची बाजारातून आणली. आईने मात्र चार शेंगा वेलावरच ठेवल्यात, बियाण्यासाठी. त्यांना कुणी हात लावायचा नाही!