डिकोडरचे इशारे

स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओतून वार्षिकांकासाठी छायाचित्रे काढावयाची होती. दहावीतील एका विद्यार्थ्याने त्यासाठी पायथन भाषेत छोटी आज्ञावली लिहिली. ती चालू होताच पडद्यावर इशाऱ्यांची रांग लागली. चित्रे तर निघत होती, म्हणून त्याने इशारे दिसणेच बंद केले. पुढे निवृत्त होणाऱ्या शिपाईमामांच्या सत्काराचे चित्र उघडून पाहतो, तो चेहऱ्याच्या जागी करडे डाग! तेव्हा त्या इशाऱ्यांचा अर्थ शोधणे आम्हांस भाग पडले.

व्हिडिओ म्हणजे भराभर दाखविलेल्या स्थिर चौकटी. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या एका चौकटीस, प्रत्येक बिंदूला तीन बाइट धरल्यास, सुमारे ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तर साडेपंधरा कोटी बाइट होतात. इतका भार कोण वाहणार? म्हणून २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एच.२६४ सारख्या पद्धतीत थोड्याच चौकटी पूर्ण साठवितात. उरलेल्यांत मागच्या वा पुढच्या चौकटींहून काय बदलले, एवढेच मुख्यतः नोंदवितात. या नोंदींवरून चित्र पुन्हा उभे करणारा तो डिकोडर. आधाराची चौकट सापडली नाही, की तो अंदाजाने जागा भरतो आणि तसे कळवितो.

मात्र सर्वच इशारे सारखे नसतात. एक रंगांविषयीचा असतो. व्हिडिओत उजळपणाचे मान बहुधा १६ ते २३५ असते, जेपीईजी चित्रांत ० ते २५५. या पूर्ण मानाचे जुने नाव वापरले गेल्याची ती सूचना होय. चित्र शाबूत असते. रंग फिके वा भडक दिसले, तरच मान तपासावे.

दुसरा इशारा आरंभीच येतो. व्हिडिओ मधूनच कापलेला असल्यास पहिल्या चौकटींना आधारच नसतो. पहिली पूर्ण चौकट येईपर्यंतची चित्रे टाकून द्यावीत.

तिसरा मध्येच येतो, आणि तोच खरा चिंतेचा. अशा वेळी चित्रे न लिहिता संपूर्ण फाइल आरंभापासून केवळ उलगडून पाहावी. इशारे नाहीसे झाले, तर दोष आज्ञावलीच्या उड्या मारण्यात असण्याचा संभव अधिक. ते त्याच जागी पुन्हा आले, तर फाइलच बिघडली आहे, असे बहुधा समजावे.

आमची फाइल नक्कल करतानाच बिघडली होती. सुदैवाने कॅमेऱ्यातील कार्ड अद्याप पुसले नव्हते. पुन्हा नक्कल करताच मधले इशारे थांबले आणि मामांचा हसरा चेहरा स्वच्छ उमटला. रंगांविषयीचा इशारा तेवढा राहिला, तो आम्ही राहू दिला.

त्या विद्यार्थ्याने आता इशारे एका वेगळ्या फाइलीत नोंदविण्याची सोय केली आहे. इशारा वाचून मग दुर्लक्षिणे वेगळे आणि न वाचताच त्याचे तोंड बंद करणे वेगळे. शिवाय मूळ प्रत, नक्कल तपासून पाहिल्यावाचून, कधीही पुसू नये.