ठिणगीचा उपद्रव

इंजिन बंद होते तोवर पुतण्याचे विमान अगदी आज्ञाधारक होते. ट्रान्समीटरची दांडी हलवावी तेवढेच शेपटीचे सुकाणू वळे. २६ सीसीचे पेट्रोल इंजिन सुरू झाले आणि तेच सुकाणू हिवताप भरल्यासारखे थरथरू लागले. विमान जमिनीवर होते म्हणून बरे. दोन मीटर पंखविस्तार, सुमारे सहा किलो वजन आणि पुढे मिनिटाला हजारो फेरे घेणारा लाकडी पंखा. असे यंत्र आकाशात बेबंद झाले तर खाली कोण उभे आहे हे ते पाहत नाही. "काका, इंजिन तर किती छान चालतंय!" हा त्याचा युक्तिवाद मी मानला नाही. त्या रविवारी उड्डाण झाले नाही.

मिथेनॉलवर चालणाऱ्या लहान ग्लो इंजिनात ठिणगी नसते, त्यामुळे तिकडून पेट्रोलकडे वळणाऱ्यास हा अनुभव नवा असतो. येथे प्रत्येक फेऱ्याला स्पार्क प्लगमध्ये हजारो व्होल्टची ठिणगी पडते, आणि ठिणगी म्हणजे एक रेडिओ-प्रक्षेपकच. हर्ट्झने विद्युतचुंबकीय लहरी प्रथम सिद्ध केल्या त्या ठिणगीच्याच साहाय्याने, आणि १९०१ मधील मार्कोनीचा अटलांटिकपार संदेशाचा प्रयोगही ठिणगीवरच झाला. मात्र तिच्या लहरी एका कंप्रतेवर न राहता सर्वत्र पसरतात. आमच्या जुन्या ७२ मेगाहर्ट्झच्या संचास हा गोंगाट ऐकू येणे स्वाभाविक होते.

शोधाचा आरंभ अंतर मोजण्यापासून करावा. ट्रान्समीटरची अँटेना मिटवून, एकाने विमान मागून घट्ट धरून, दुसऱ्याने चालत दूर जावे. सुकाणू थरथरू लागेल तेथे पावले मोजावीत. आधी इंजिन बंद ठेवून, मग चालू करून. आमची बंद इंजिनावर चाळीस पावले भरली, चालू इंजिनावर बारा.

पुढचे काम आपल्या परिचयाचे आहे. ताळेबंदात फरक आला की आपण सगळी खाती एकदम खोडत नाही. एकेक नोंद पडताळतो. येथेही एका वेळी एकच बदल करावा व प्रत्येक बदलानंतर पावले पुन्हा मोजावीत. प्रथम इग्निशन-उत्पादकाने सुचवलेला, आत रोधक असलेला प्लग बसवला: पंधरा पावले. इग्निशनची बॅटरी वेगळी होतीच, पण ती व तिचा स्विच रिसीव्हरला खेटून होते. ते सर्व फूटभर दूर नेले, तेव्हा वीस. कार्बुरेटरपासून सर्व्होपर्यंतची धातूची काडी अँटेनासारखी वागून गोंगाट आत आणते, म्हणून ती काढून नायलॉनची घातली. दोनच पावले वाढली, आणि पुतण्याचा धीर सुटू लागला.

दोष अखेर प्लगच्या टोपीत सापडला. प्लगकडे जाणाऱ्या तारेवर धातूच्या जाळीचे वेष्टन असते. ते टोपीच्या धातूमार्गे प्लगच्या षट्कोनी बुडाशी घट्ट जोडलेले राहिले, तरच गोंगाट आत कोंडला जातो. आमच्या टोपीची कडी सैल झाली होती. बोटाने हलवली तर टोपी गरगर फिरे. इंजिनाच्या कंपनाने हा जोड क्षणोक्षणी तुटत होता. कडी बदलली आणि पावले अडतीस झाली.

हल्लीच्या २.४ गिगाहर्ट्झच्या संचांना हा त्रास पुष्कळच कमी होतो, म्हणून अनेकजण ही तपासणी सोडून देतात. मला ते पटत नाही. सैल टोपीचा गोंगाट सर्व्होच्या व बॅटरीच्या तारांवाटेही शिरू शकतो. अशा संचात संपर्क तुटताच इंजिनाचा वेग उतरतो की नाही, हेही विमान धरून ठेवून, ट्रान्समीटर बंद करून पाहावे.

पुढच्या रविवारी विमान उडाले. पुतण्याच्या वहीत आता प्रत्येक उड्डाणाआधी पावलांचे दोन आकडे लिहिलेले असतात. मागच्या वेळी दुसरा आकडा चौतीसवर आला, तेव्हा त्याने कुणी न सांगता आधी टोपी हलवून पाहिली.