कंपनीची कबुली, सरकारची सवलत (लेखांक सहावा)

मागील लेखांकात आर्थर अँडरसन या हिशेबतपासनीस पेढीची हकिकत आपण पाहिली. एन्‍रॉनसंबंधीचे दप्तर नष्ट केल्याच्या प्रकरणी २००२ साली तिला दोषी ठरविणारा निवाडा २००५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने रद्द केला खरा. परंतु तोपर्यंत पेढीने गाशा गुंडाळला होता, आणि त्या दप्तराला ज्यांचा हातही लागला नव्हता असे हजारो नोकरदार रस्त्यावर आले होते. कंपनीस शासन करावे तर ते निरपराधांच्या माथी बसते आणि न करावे तर लबाडीस मोकळे रान मिळते, या पेचातून अमेरिकी न्यायखात्याने काढलेली वाट हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

कंपनीने गुन्हा आपण होऊन कळवावा, तपासास मनःपूर्वक साहाय्य करावे, घरातील दोष निपटून गैरलाभ परत करावा. मग खटला न भरण्याकडेच सरकारचा कल राहील. परदेशी लाचखोरीपुरते २०१६ साली प्रयोग म्हणून आलेले हे धोरण २०१७ च्या नोव्हेंबरात कायम झाले. मात्र नियमपालनाची यंत्रणा, जिला व्यवहारात सारे ‘कंप्लायन्स’ म्हणतात, ती खरी की देखाव्याची, याची पारख सरकारी वकिलांनी करावयाची असते. धोरणापूर्वीच, २०१२ साली, याचा एक नमुना घडला होता. मॉर्गन स्टॅन्लीच्या चीनमधील एका वरिष्ठ अधिकाऱ्याला लाचविरोधी कायद्याचे शिक्षण सात वेळा आणि समज निदान पस्तीस वेळा देण्यात आल्याची नोंद होती. (छत्तिसाव्या समजेने निराळे काय साधले असते, कोण जाणे!) बँकेवर खटला झाला नाही, अधिकारी नऊ महिन्यांकरिता तुरुंगात गेला.

या सवलतीचे खरे समर्थन मला एवढेच दिसते की, कंपनीने सुटावे ते अपराधी माणसाला कायद्याच्या हवाली करून. आणि २०१५ साली न्यायखात्याने सवलतीसाठी संबंधित व्यक्तींची माहिती देण्याची अट घातली तीही याच हेतूने.

कॉग्निझंटच्या प्रकरणात हेच समर्थन लंगडे पडले. चेन्नईतील आवाराच्या बांधकाम-परवान्यासाठी सुमारे वीस लाख डॉलरची लाच ठेकेदारामार्फत देण्याची आणि ती रक्कम वाढीव कामाच्या खोट्या मागण्यांत जिरविण्याची तजवीज वरिष्ठांनी केली, असा आरोप होता. आपल्या पुण्यातील एका प्रकल्पाचाही त्यात उल्लेख होता. संचालक मंडळास सुगावा लागताच दोन आठवड्यांच्या आत कंपनीने सरकारला वर्दी दिली, आणि २०१९ साली अडीच कोटी डॉलर भरून ती फौजदारीतून मोकळी झाली. दोघा माजी उच्चाधिकाऱ्यांवर मात्र आरोप ठेवण्यात आले. ते त्यांनी अमान्य केले, आणि सहा वर्षे रेंगाळलेला तो खटला ज्युरीसमोर उभा राहण्यापूर्वीच, २०२५ च्या एप्रिलमध्ये, सरकारने स्वतः मागे घेतला. त्याच फेब्रुवारीत लाचविरोधी कायद्याची अंमलबजावणी थोपविणारा अध्यक्षीय आदेश निघाला होता. त्या आदेशाचा परामर्श पुढील आठवड्यात.