ब्रॉडवेवरचा दुसरा डाव

१९८१ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या आल्विन थिएटरात ‘मेरिली वी रोल अलाँग’ हे म्युझिकल लागलं आणि १६ प्रयोगांत गुंडाळलं गेलं. नावं मोठी होती. गीतं आणि संगीत स्टीफन सोंडहाइम यांचं, दिग्दर्शन हॅरोल्ड प्रिन्स यांचं. पण तीन मित्रांची ही गोष्ट उलटी चालते, १९७६ पासून मागे मागे १९५७ पर्यंत. त्यात मध्यमवयीन, थकलेल्या माणसांच्या भूमिका कोवळ्या पोरापोरींनी केलेल्या. कोण कुणाचा कोण हे प्रेक्षकांना उमगेना, म्हणून पात्रांच्या अंगावर त्यांची ओळख छापलेले स्वेटशर्ट चढवले गेले. तरीही शुभारंभाआधीच्या प्रयोगांतूनच लोक उठून जात होते. या अपयशानंतर सोंडहाइम-प्रिन्स ही अमेरिकन रंगभूमीवरची मातब्बर जोडी कित्येक वर्षं एकत्र आली नाही.

१६ जून २०२४ रोजी याच नाटकाला पुनरुज्जीवित म्युझिकलचा टोनी पुरस्कार मिळाला. दिग्दर्शिका मारिया फ्रीडमन यांनी तरुणपणी इंग्लंडमध्ये या तीन मित्रांमधलीच मेरी रंगवली होती. जोनाथन ग्रॉफ आणि डॅनियल रॅडक्लिफ या दोघांनाही अभिनयाचे टोनी मिळाले. मधल्या काळात संहितेवर बरेच हात फिरले, काही गाणी बदलली, आणि मुख्य म्हणजे भूमिका वयाने जाणत्या नटांकडे आल्या. शेवटच्या प्रवेशात ही माणसं गच्चीवर उभी राहून भविष्याची स्वप्नं रंगवतात, तेव्हा त्या स्वप्नांचं पुढे काय झालं हे प्रेक्षकाने आधीच पाहिलेलं असतं. नाटकाचा सगळा जीव त्या एका प्रवेशात आहे, आणि १९८१ मध्ये तिथवर पोहोचायला कुणी थांबलंच नव्हतं. प्रिन्स २०१९ मध्ये गेले, सोंडहाइम २०२१ मध्ये.

‘नवं म्युझिकल’ या पुरस्काराभोवती झगमगाट जास्त असतो. पण एखाद्या कलाकृतीचा न्याय पहिल्या रात्रीच होऊन जातो का, हा रंगभूमीचा जुना आणि मोठा प्रश्न पुनरुज्जीवनाचा टोनीच दरवर्षी नव्याने विचारतो.

टोनी पुरस्कार सुरू झाले १९४७ मध्ये. जुन्या नाटकांच्या नव्या प्रयोगांसाठी वेगळा पुरस्कार यायला मात्र १९७७ उजाडलं, आणि तोही गद्य नाटकं आणि म्युझिकल यांना मिळून एकच. पहिल्याच वर्षी चेखव्हचं ‘द चेरी ऑर्चर्ड’ आणि ‘गाइज अँड डॉल्स’ एकाच रांगेत उभे होते. अशी तुलना कशी करायची, हे परीक्षकांनाच ठाऊक. १९९४ मध्ये दोन पुरस्कार वेगळे झाले आणि म्युझिकलचा पहिला मान निकोलस हाइटनर दिग्दर्शित ‘कॅरोसेल’ला मिळाला. मूळ लंडनच्या नॅशनल थिएटरची ही निर्मिती लिंकन सेंटरमध्ये आली होती. त्यातल्या सहायक भूमिकेसाठी ऑड्रा मॅकडोनाल्ड यांना त्यांचा पहिला टोनी मिळाला.

१९७७ चा तो पहिला मान गेला होता ह्यूस्टन ग्रँड ऑपेराच्या ‘पोर्गी अँड बेस’ला. जॉर्ज गर्शविन यांची ही कृती १९३५ मध्ये ब्रॉडवेवर आली तेव्हा तिला भरपूर कात्री लागली होती, पुढच्या प्रयोगांत आणखी लागली. ह्यूस्टनने कापलेलं संगीत परत घातलं आणि तिचा ऑपेराचा पूर्ण आकार रसिकांपुढे ठेवला. २०१२ मध्ये याच कृतीला पुन्हा पुनरुज्जीवनाचा टोनी मिळाला, पण उलट्या कारणासाठी. डायान पॉलस आणि नाटककार सुझन-लोरी पार्क्स यांनी ती आटोपशीर केली, गाऊन म्हटले जाणारे संवाद साध्या बोलण्यात आणले, पात्रांच्या मागच्या आयुष्याचे धागे जोडले. प्रयोग न्यूयॉर्कला पोहोचण्याआधीच सोंडहाइम यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला जळजळीत पत्र लिहून या फेरफारांवर टीका केली. बेसच्या भूमिकेत होत्या ऑड्रा मॅकडोनाल्ड, आणि त्यांनाही टोनी मिळाला. एकाच कृतीला भर घालून एकदा आणि छाटून एकदा, असे दोन्ही मार्गांनी पुरस्कार मिळावेत, याहून बोलका दाखला या पुरस्काराच्या इतिहासात नाही.

भर घालणाऱ्यांत २००८ च्या ‘साउथ पॅसिफिक’चं नाव अग्रक्रमाने घ्यायला हवं. १९४९ नंतर ब्रॉडवेवर ते पुन्हा आलंच नव्हतं. बार्टलेट शेर यांच्या या प्रयोगात सुरुवातीचं वाद्यसंगीत चालू असतानाच रंगमंचाचा पुढचा भाग मागे सरके आणि खालचा ३० वादकांचा ताफा उघडा पडे. प्रेक्षक तिथेच टाळ्यांचा कडकडाट करत. वादकांची संख्या कमी करून पैसे वाचवण्याच्या काळात ही ३० माणसं म्हणजे एक भूमिकाच होती.

छाटणाऱ्यांत पहिला मान ‘शिकागो’चा. १९७५ च्या बॉब फॉसी यांच्या मूळ प्रयोगाला एकही टोनी मिळाला नाही. ‘अ कोरस लाइन’ने ९ पुरस्कार नेले. खुनाच्या खटल्यांचा बाजार आणि खुनी बायकांना मिळणारी प्रसिद्धी हा विषय तेव्हा लोकांना फार कडवट वाटला. १९९६ मध्ये सिटी सेंटरच्या ‘एन्कोर्स’ मालिकेत ते नेपथ्याविना सादर झालं. वादक रंगमंचावरच, नट काळ्या कपड्यांत, बाकी काही नाही. ओ. जे. सिम्पसनचा खटला दूरचित्रवाणीवर रोज पाहिलेल्या प्रेक्षकाला आता त्यात कडवट काही वाटेना. त्याला ते रोजच्या बातम्यांसारखं ओळखीचं वाटलं. त्याच वर्षी ब्रॉडवेवर गेलेल्या या प्रयोगाने ६ टोनी मिळवले आणि पुढे १०,००० प्रयोगांचा टप्पा ओलांडला.

‘ओक्लाहोमा!’ तर १९४३ पासून अमेरिकेच्या शाळाशाळांत होत आलेलं, गोड मानलं गेलेलं नाटक. डॅनियल फिश यांनी २०१९ मध्ये संवाद तसेच ठेवून त्याचा गोडवा काढून घेतला. प्रेक्षागृहातले दिवे बराच वेळ चालूच, भिंतींवर बंदुकांच्या रांगा, मोठ्या वाद्यवृंदाऐवजी ७ वादक. मध्यंतरात प्रेक्षकांना रंगमंचावरच चिली आणि मक्याचा पाव मिळे. मूळ नाटकात जड नावाचं पात्र स्वतःच्या सुरीवर पडून मरतं; इथे नायक त्याला गोळी घालतो आणि वधूवरांच्या पांढऱ्या कपड्यांवर रक्त उडतं. मग नायकाच्या निर्दोषत्वाचा घाईघाईने झालेला निवाडा अंगावर येतो. काहींना हा अत्याचार वाटला. पण ही हिंसा संहितेत होतीच, पाऊणशे वर्षं ती गाण्यांखाली झाकली गेली होती. फिश यांनी जे केलं त्याला पुनरुज्जीवन म्हणावं असं मनापासून वाटतं.

सगळेच विजेते असे नसतात, हेही खरं. जुनं म्युझिकल निर्मात्याला हवं असतं ते गाणी लोकांच्या ओठांवर असतात म्हणून, आणि एखादा तारा मिळाला की तिकीटखिडकीची काळजी मिटते म्हणून. २०१७ चं ‘हॅलो, डॉली!’ बेट मिडलर यांच्या नावावर धो धो चाललं. ते रंगतदारच होतं, पण त्याने नाटकाबद्दल नवं काही सांगितलं नाही. त्याउलट २०२३ चं ‘परेड’. १९१५ मध्ये जॉर्जियात जमावाने लिओ फ्रँक या ज्यू कारखाना-व्यवस्थापकाला फासावर लटकवलं, त्याची ही कथा. १९९८ मध्ये आलं तेव्हा ते लवकरच बंद पडलं होतं. नव्या प्रयोगाच्या पहिल्याच रात्री थिएटरबाहेर नवनाझी निदर्शक उभे राहिले. नाटक आजही का हवं, हे वेगळं सांगायला नको.

आता राहतो नियमांचा घोळ. सोंडहाइम यांचं ‘असॅसिन्स’ ब्रॉडवेवर पहिल्यांदा आलं २००४ मध्ये. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर ते लांबणीवर पडलं होतं. पण १९९० च्या सुमारास छोट्या थिएटरात झालेलं असल्याने आणि दरम्यान सर्वत्र सादर होऊन ते परिचित झाल्याने त्याला ‘पुनरुज्जीवन’ ठरवलं गेलं. त्याने तो पुरस्कार जिंकला, मात्र पुनरुज्जीवनाला मूळ संगीताच्या पुरस्कारात जागा नसते. ‘हेडविग अँड द अँग्री इंच’चं २०१४ मध्ये हेच झालं. २०२५ मध्ये अ‍ॅडम गेटल यांचं ‘फ्लॉइड कॉलिन्स’ ब्रॉडवेवर प्रथमच आलं तरी याच गटात बसवलं गेलं आणि ‘सनसेट बूलव्हार्ड’कडून हरलं. नियम चुकीचा नाही, पण अपुरा आहे. मोठ्या रंगमंचावर आपलं काम पहिल्यांदा ऐकवणाऱ्या संगीतकाराला संगीताच्या स्पर्धेत उभं राहू द्यायला टोनीच्या समितीने एक पोटनियम जोडला, तर कुणाचंच काही बिघडणार नाही.