पुढच्या भारतवारीत दोन रात्री गावात

दिवाळीचा फराळ संपत आला की आपल्या घरांत एकच विषय सुरू होतो: पुढच्या वर्षी भारतात कधी जायचं? मग पुणे-मुंबई, आत्या-मामांकडची जेवणं, खरेदी आणि उरलेले दोन दिवस एखाद्या रिसॉर्टमध्ये. त्या दोन दिवसांसाठी तुम्हाला एक वेगळी वाट सुचवावीशी वाटते.

रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं गाव आहे. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून तुम्ही कदाचित ऐकलं असेल. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या रात्री वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालून समुद्रात परत जातात. पूर्वी ही अंडी माणसं खाण्यासाठी किंवा विकण्यासाठी काढून नेत, उरलेली कोल्ही-कुत्री खात. 2002 मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या भाऊ काटदरे यांच्या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन इथे संवर्धन सुरू केलं. सापडलेली अंडी किनाऱ्यावरच्या कुंपणात, तेवढ्याच खोल खड्ड्यात पुन्हा पुरायची, पहारा ठेवायचा आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी बाहेर आलेली पिल्लं समुद्राकडे सोडायची.

इथे वाढलेल्या मुलांना हे चटकन समजेल. वसंतात रस्त्याकडेला बेडकांसाठी कुंपण लावून, त्यांना बादलीतून पलीकडे नेणारे स्वयंसेवक त्यांनी पाहिले असतील.

पण रोज पहाटे किनारा पालथा घालणाऱ्या माणसाचं घर कसं चालणार? त्यातूनच कासव महोत्सव उभा राहिला. पाहुणे हॉटेलात नाही, गावकऱ्यांच्या घरात राहतात. आमटी-भात, मोदक त्याच घरात जेवतात. पैसे त्याच घरात जातात. अंडी विकण्यापेक्षा ती जपण्यात गावाचा फायदा आहे, हे रोजच्या हिशेबात दिसू लागलं. शाश्वत पर्यटन या जड शब्दांचा अर्थ एवढाच.

असंच काम इतरत्रही चालतं. वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत महादेव कोळी कुटुंबं पाहुण्यांना घरी ठेवून घेतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर काजव्यांनी लखलखणारी झाडं दाखवतात.

आपल्या शाळांच्या सुट्ट्याही जुळतात. वेळासची पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाहेर येतात, म्हणजे ईस्टरची सुट्टी. काजवे मेअखेर ते जूनमध्ये, म्हणजे फिंग्स्टनची सुट्टी.

मात्र एक गोष्ट मुलांना आधीच सांगून ठेवा. घरटं कधी उघडेल याचं वेळापत्रक नसतं. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलतात. कधी वीस पिल्लं असतात, कधी एकही नाही. एस-बान दहा मिनिटं उशिरा आली तरी आपण कुरकुरतो, तिथे ते चालत नाही. पाहुण्यांना काहीतरी दिसलंच पाहिजे, असा हट्ट वाढला की गावावर दबाव येतो आणि ज्याच्यासाठी सगळं सुरू झालं त्या कासवालाच त्रास होतो.

म्हणून जाण्याआधी एवढं पाहा:
• राहण्याची सोय गावातल्या घरात आहे ना आणि पैसे थेट त्या घराला मिळतात ना, हे विचारा.
• कासवांजवळ आणि काजव्यांजवळ फ्लॅश, टॉर्च नको. दोरीच्या अलीकडे उभं राहा, पिल्लांना हात लावू नका.
• प्लास्टिकचा कचरा सोबत परत आणा.
• शनिवार-रविवारची गर्दी टाळा. आपल्याला सुट्टी आहे, मधल्या वारी जाता येतं.

एवढा लांबचा विमानप्रवास करून शाश्वततेच्या गोष्टी कशाला, असं तुमची मोठी मुलं विचारतील. प्रश्न रास्त आहे. आजी-आजोबांसाठी आपण जाणारच आहोत. तर त्या एका प्रवासात दोन रात्री अशा घराला द्याव्यात, जिथे आपल्या येण्याचा उपयोग होतो. शिवाय तिथल्या आजींशी मराठीतच बोलावं लागतं. घरी जर्मनमध्ये उत्तर देणारी मुलं तिथे काय काय बोलतात, ते ऐकाच.

आणि परतल्यावरही गोष्ट संपत नाही. 2023 मध्ये गुहागरला उपग्रह-यंत्र लावून सोडलेली ‘बागेश्री’ नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. नकाशावर तिचा मार्ग मुलांसोबत जरूर काढून पाहा.

शुभ दीपावली!