माळेगावपर्यंत थांबा

लोह्याच्या आमच्या घरात कुणी काही मागितलं की आईचं उत्तर ठरलेलं असायचं, “माळेगावला बघू.” चैत्रात हवीशी वाटलेली बॅटरी असो की श्रावणात डोळ्यांत भरलेली चप्पल, सगळं मार्गशीर्षावर जायचं. खंडोबाची माळेगावची यात्रा आमच्याच तालुक्यात, नांदेड-लातूर रस्त्यावर, मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमाराला भरते. तोवर मागितलेल्यातलं बरंच आम्ही विसरून गेलेलो असायचो. अनावश्यक खरेदी दीर्घकाळ बंद ठेवणाऱ्यांविषयी मी वर्षानुवर्षं वाचत आलो, स्वतःही तसं जगून पाहतो आहे. आईच्या या रीतीइतकी टिकाऊ रीत मला दुसरी भेटली नाही.

इतिहास थोडक्यात सांगतो. पुण्याच्या सार्वजनिक काकांनी, म्हणजे गणेश वासुदेव जोशींनी, 1872 मध्ये स्वदेशीची शपथ घेतली आणि 1877 च्या दिल्ली दरबाराला ते खादीतच गेले. 1905 च्या दसऱ्याला पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. 2006 च्या सुमाराला अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोत काही मित्रांनी वर्षभर नवी वस्तू न घेण्याचा करार केला. अन्न, औषधं आणि आतले कपडे तेवढे वगळले. पंचांगातही थांबे आहेतच. पितृपक्षात नवं घेत नाहीत. अधिक मासात शुभकार्यं थांबतात, पण जावयाच्या धोंड्याच्या वाणात वाचलेलं सगळं जातं.

माझी मुदत गुढीपाडव्यापासून माळेगावपर्यंत. आमच्याकडे सालगड्याचं सालही पाडव्यालाच ठरतं, त्यामुळे हिशेब तिथून धरणं अंगवळणी पडलेलं आहे. किराणा, औषध, शाळा, बी-बियाणं आणि दुरुस्ती यांना मोकळीक. बाकी जे हवंसं वाटेल ते तारखेसकट वहीत लिहायचं आणि यात्रेच्या आदल्या रात्री वही उघडायची. पुष्कळ नोंदी वाचताना मलाच नवल वाटतं, की ही वस्तू आपल्याला कशासाठी हवी होती!

पण विकत घ्यावं कसं, हे शिकवलं यात्रेतल्या जनावरांच्या बाजारानं. घोडे, गाढवं, उंट पाहायला लोक लांबून येतात. माझे पाय मात्र लाल कंधारीकडे वळतात. कंधार-लोह्याच्या या मातीतला हा गोवंश. गडद तांबडा रंग, डोळ्यांभोवती काळी कडा, बांधा आटोपशीर पण कामाला चिवट. शेजारी लातूरकडची देवणी, पांढऱ्यावर काळे ठिपके मिरवणारी.

इथे घेणारा माणूस आधी नुसता फिरतो. मग एका दावणीपाशी थांबतो. बैलाचं नाक धरून खालचा ओठ दुमडतो आणि दात पाहतो. दोन दाती असेल तर जनावर अडीचेक वर्षांचं; जुळलेला असेल तर पाचाच्या आसपास. खुरांमधली फट पाहतो, खांद्यावर जुवाची गाठ आहे का ते हातानं चाचपतो, चार पावलं चालवायला लावतो, बसवून उठवायला लावतो. एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मालकानं विचारलं, “मामा, घ्यायचाय का नुसतं बघलालाव?” मामा शांतपणे म्हणाले, “आज बघलालो. घ्यायचा असंल तर उद्या येतो.” दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिथे गेलो. मामा आले होते, सोबत घरधनीण होती. बैलाचे दात तिनंही पाहिले. मग रुमालाखाली हात गेले, बोटांनी भाव झाला.

बैल घेताना आपल्या लोकांत एवढा धीर असतो. मोबाइल घेताना तो कुठे जातो? हप्त्यानं जातो, असं माझं ठाम मत आहे. बैलाचे पैसे कमरेला बांधून आणावे लागतात, म्हणून हात आखडतो. हप्त्यावर वस्तू आज घरात येते आणि सोयाबीनचे पैसे येण्याआधीच त्यांना वाटा फुटलेल्या असतात.

स्वतःसाठी न घेणं सोपं आहे. अवघड आहे तो आहेर. लग्नसराईत टॉवेल-टोपी आणि ब्लाउजपीस यांवर आमच्या भागात केवढा पैसा जातो! त्यातल्या बऱ्याच टोप्या डोक्यावर चढतच नाहीत. कपाटात पडतात आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या घरी जातात. मी आता आहेराऐवजी रोख देतो. सुरुवातीला एक आत्या रुसली. तिच्याच नातीच्या लग्नात वऱ्हाडाच्या जेवणाला ते पैसे कामी आले, तेव्हा तिचा रुसवा गेला.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगायची आहे. 1972 च्या दुष्काळात इथल्या माणसांनी काही घेतलं नाही, ते व्रत नव्हतं. दुष्काळी कामावर खडी फोडून, सुकडी आणि परदेशी मिलो खाऊन त्यांनी दिवस काढले. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षीही कित्येक घरांनी लग्नं पुढे ढकलली. ज्याच्या हातात पैसाच नाही त्याला साधेपणाचे धडे देऊ नयेत. हा प्रयोग ज्याचं पोट भरलेलं आहे, ज्याच्या खिशात चार पैसे आहेत, त्यानंच करावा. दुष्काळात वाढलेल्या माझ्या वडिलांना हौसेनं नवं धोतर आणलं की त्यांचा चेहरा फुलायचा. तसली खरेदी मी कधीच अनावश्यक मानली नाही.

यंदाच्या वहीत एक मिक्सर, एक जाकीट आणि एक घोंगडी टिकून आहे. जुन्या मिक्सरचं भांडं गावातच दुरुस्त झालं, त्यामुळे तो बहुधा खोडला जाईल. तुम्ही यात्रेला येणार असाल तर पहिल्या दिवशी चहापुरतेच पैसे घेऊन या. आधी खंडोबाचं दर्शन घ्या, मग दुपार उतरताना जनावरांच्या बाजारात शिरा, लाल कंधारीच्या दावणीपाशी निवांत उभे राहा आणि कुणी विचारलंच, तर उद्या येतो म्हणा.