गाठीची भूक दाखवणारी तपासणी

मेंदूतल्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले, रेडिएशन झाले, घर जरा सावरले. काही महिन्यांनी एमआरआय काढला तर त्याच जागी पुन्हा डाग! गाठ परत आली, की रेडिएशनने पडलेला व्रण आहे? फोटोत दोन्ही सारखेच दिसू शकतात. उत्तर चुकले तर गरज नसताना पुन्हा डोके उघडावे लागते, नाहीतर वाढणारी गाठ उपचारावाचून राहते.

अशा वेळी डॉक्टर पेट स्कॅन लिहून देतात. 'किरणोत्सारी औषध टोचणार' हे ऐकून घरचे घाबरतात. म्हणून ही तपासणी काय आहे, ते या वेळी सांगत आहोत.

कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून त्यांना खाद्य जास्त लागते. नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात. जिथे साखर जास्त ओढली जाते, ती जागा स्कॅनवर उजळते. पण निरोगी मेंदूही साखरेवरच चालतो. सगळा मेंदूच उजळला, तर त्यात गाठ कशी ओळखायची? प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये अडचण वेगळी. तो बऱ्याचदा साखर कमी घेतो, शिवाय ही साखर लघवीत उतरल्याने शेजारचे मूत्राशय उजळते.

मग शास्त्रज्ञांनी गाठीची दुसरी भूक धरली. आपण खातो त्या डाळीतली, अंड्यातली, मटणातली प्रथिने पोटात फुटून त्यांची अमिनो आम्ले होतात. नवी पेशी बांधायला हीच वीट लागते. वाढणारी गाठ ती ओढून घेते, निरोगी मेंदू फार कमी घेतो. त्यामुळे गाठ वेगळी दिसते.

सुरुवातीला मेथिओनिन या अमिनो आम्लाला किरणोत्सारी कार्बन जोडला गेला. पण तो कार्बन दर २० मिनिटांनी निम्मा होतो. औषध बनवणारे सायक्लोट्रॉन यंत्र हॉस्पिटललाच लागून नसेल, तर ते वाटेतच संपते. फ्लोरिन निम्मा व्हायला ११० मिनिटे लागतात, म्हणून औषध गाडीने दुसऱ्या हॉस्पिटलात नेता येते. फ्लोरिन जोडलेले टायरोसिन, म्हणजे एफईटी, जर्मनीत तयार झाले. अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठात फ्लुसिक्लोविन बनले. ते आधी मेंदूच्या गाठींसाठी तपासले गेले, पण लघवीत हळू उतरते म्हणून प्रोस्टेटसाठी उपयोगी ठरले. उपचारानंतर उलटलेला प्रोस्टेटचा कॅन्सर शोधण्यासाठी अमेरिकेने त्याला २०१६ मध्ये मान्यता दिली. ही दोन्ही औषधे शरीर प्रथिने बांधायला वापरत नाही, त्यामुळे स्कॅनचा अर्थ लावणे सोपे जाते.

हे सारे परदेशातच आहे असे नाही. देशातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले. गाठ की व्रण हे ओळखण्यासाठी परळच्याच टाटा हॉस्पिटलात एफईटी स्कॅन वापरला गेला आहे.

आता भीतीबद्दल. फ्लोरिनचा किरणोत्सार २४ तासांत तेरा वेळा निम्मा होतो, म्हणजे आठ हजारांत एक भागही उरत नाही. म्हणून रुग्णाला वेगळे ताट, वेगळी खोली देऊ नका. कॅन्सर शिवल्याने होत नाही. फक्त त्या दिवशी काही तास तान्ही बाळे आणि गरोदर बायका यांना जवळ बसवू नये. किती तास, ते स्कॅनवाल्यांना विचारा.

लक्षात ठेवा:

• सांगितले तितका वेळ उपाशी राहा, सहसा किमान चार तास. जेवणातली अमिनो आम्ले औषधाशी स्पर्धा करतात.

• बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल, तर आधी सांगा.

• जुने एमआरआय, ऑपरेशनचे कागद, रेडिएशनच्या तारखा सोबत न्या.

• डॉक्टरांना विचारा: कोणता पेट, साखरेचा की अमिनो आम्लाचा? त्याच्या उत्तराने उपचार बदलणार आहे का?

• खर्चासाठी हॉस्पिटलमधील समाजसेवा विभाग आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र यांना आधी भेटा. दागिने गहाण टाकण्याची घाई करू नका.

हा स्कॅनही कधी फसतो. सूज असली तरी जागा थोडी उजळू शकते, म्हणून काही वेळा तुकडा काढून तपासावाच लागतो. पण एमआरआयवर डाग दिसला म्हणजे सगळे संपले, असे धरून उपचार सोडू नका. डाग कसला आहे हे आधी विचारा, मग पुढचे ठरवा.